तिसऱ्या महिन्यातला घोटा

घोटा मुरगळला की पहिले दोन दिवस अख्खं घर डॉक्टर होतं. कुणी फ्रीजमधला बर्फ काढतं, कुणी आंबेहळद उगाळतं, कुणी क्रेप बँडेज शोधत कपाटं उपसतं. आठवड्याभरात सूज निम्म्यावर येते, माणूस चपला सरकवून कामाला लागतो आणि विषय संपतो. पंचाईत तिसऱ्या महिन्यात होते. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली पाच-दहा पावलं अजून लंगडतच पडतात, संध्याकाळी मोजा काढला की इलॅस्टिकचा वळ खोल उमटलेला दिसतो आणि जिना उतरताना हात आपोआप कठड्याकडे जातो. तोवर सहानुभूतीचा साठा आटलेला असतो. "अजून बरा नाही? साधा मुरगळला होता ना?" असं विचारणारे वाढतात आणि त्यांच्याबरोबर सल्लेही वाढतात. एमआरआय काढ, अमक्या गावचा हाडवैद्य गाठ, पीआरपीचं इंजेक्शन घे, ऑपरेशनशिवाय हे जायचं नाही.

यातला कुठला सल्ला घ्यावा हे ठरवण्याआधी एक प्रश्न सुटायला हवा आणि नेमका तोच सहसा विचारला जात नाही: या घोट्यात भरून यायचं राहिलंय काय? लिगामेंट (हाडाला हाडाशी बांधणारी पट्टी), कूर्चा (सांध्यात हाडांवर असणारं गुळगुळीत आवरण), हाड, स्नायूंची ताकद, सांध्याची हालचाल, की तोल सावरायची सवय? यातल्या एकाच्या औषधानं दुसरं बरं होत नाही. रेंगाळलेल्या घोट्यांवरचे बरेचसे पैसे आणि महिने इथेच वाया जातात.

आतली मांडणी थोडक्यात अशी. नडगीचं जाड हाड आणि बाहेरच्या अंगाचं बारीक हाड, म्हणजे फिब्युला, ही दोन मिळून खाली एक खोबण तयार करतात. तिच्यात टेलस नावाचं हाड बसतं. टेलसला एकही स्नायू चिकटलेला नाही. त्याच्या निम्म्याहून जास्त पृष्ठभागावर कूर्चा आहे, त्यामुळे रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागा थोडी, आणि म्हणून तिथली इजा भरायला वेळ घेते. बाहेरच्या बाजूनं या सांध्याला तीन लिगामेंट धरून ठेवतात. पाऊल आत वळून मुरगळतं तेव्हा पहिला घाव झेलतं ते पुढचं, एटीएफएल. जेमतेम दोन सेंटीमीटर लांब आणि तिघांत सर्वांत कमकुवत. जोर जास्त असला तर त्याच्या पाठोपाठ टाचेच्या हाडाकडे जाणारं सीएफएल जातं, मागचं तिसरं बहुधा वाचतं. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. टेलसचा माथा पुढे रुंद आणि मागे अरुंद असतो. पाऊल वर ओढलेलं असताना रुंद भाग खोबणीत घट्ट बसतो, चवडा खाली गेला की अरुंद भाग पुढे येतो आणि सांधा सैल पडतो. उंच टाचेची चप्पल, उतारावर आधी टेकणारा चवडा, व्हॉलीबॉलच्या जाळ्यापाशी उडी मारून खाली येणारं पाऊल, सगळे या सैल क्षणीच सापडतात.

फाटलेलं लिगामेंट भरतं त्याचे साधारण तीन टप्पे आहेत. पहिले तीन ते पाच दिवस सूज आणि साफसफाई. पुढे सहाएक आठवडे कच्च्या, टाइप तीन कोलॅजेनची, म्हणजे धाग्यांसारख्या प्रथिनाची, घाईघाईनं घातलेली वीण, जिचे धागे वाटेल त्या दिशेला जातात. त्यानंतर हळूहळू टाइप एकचं मजबूत कोलॅजेन तिची जागा घेतं आणि धागे ताणाच्या दिशेनं रांगेत लागतात. या शेवटच्या टप्प्याला अनेक महिने लागतात, कधी वर्षाच्याही पुढे जातात. ताण पडलाच नाही तर धाग्यांना रांग कळत नाही. त्यामुळे "आता दुखत नाही" म्हणून सहाव्या आठवड्यात टेकडीवर धावणारा आणि सहा महिने घोटा जपत खुर्चीत बसणारा, दोघंही अखेर एकाच दवाखान्यात भेटतात. वेगवेगळ्या अभ्यासांत, मुरगळल्यानंतर वर्षभरानंही 5 ते 33 टक्के लोकांना दुखत असल्याचं आढळलं आहे. तेव्हा तिसऱ्या महिन्यात दुखणारा माणूस नाटकी नाही आणि दुर्मीळ तर मुळीच नाही.

आता बोट लावून बघू. खुर्चीवर बसायचं, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर आडवा टाकायचा नाही, समोर स्टुलावर सरळ ठेवायचा. अंगठ्यानं, नखाचा रंग बदलेल इतक्या जोरानं, एकेक जागा दाबत जायची आणि दर वेळी दुसऱ्या घोट्याची तीच जागा दाबून ताडायची. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला हाडाची जी गाठ लागते तिच्या टोकापुढे आणि किंचित खाली दुखत असेल तर एटीएफएल. त्याच्याही पुढे बोटाचं पेर बुडेल असा एक खळगा लागतो, सायनस टार्साय. दुखणं तिथेच असेल आणि खडबडीत रस्त्यावर वाढत असेल तर वरच्या सांध्याऐवजी खालच्या, टाचेच्या हाडाजवळच्या सांध्याकडे संशय जातो. गाठीच्या मागे दोन दोऱ्या वर-खाली जातात, त्या पेरोनियल स्नायूंच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या. पाऊल बाहेर ढकलताना तिथे दोरी टक्कन हाडावर चढत असेल तर तिला धरून ठेवणारी पट्टी फाटली आहे. हे स्थिर एमआरआयमध्ये निसटू शकतं, पाय हलवत केलेल्या सोनोग्राफीत डोळ्यांदेखत दिसतं. पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळी आणि टाच यांच्या मधोमध, एक टेंगूळ लागतं. तिथे दुखलं तर पाचव्या मेटाटार्सलचं, म्हणजे करंगळीमागच्या लांब हाडाचं, मूळ. तिथला टोकाचा टवका निघाला असेल तर तो बहुधा आपसूक भरतो, मात्र त्याच्या थोडं पुढचा, जोन्स फ्रॅक्चर म्हणून ओळखला जाणारा तडा रक्तपुरवठा तोकडा असलेल्या जागी असतो आणि महिनोन्महिने जुळत नाही.

पोटरीच्या मध्यावर दोन्ही हाडं दोन तळहातांत दाबायची. कळ खाली घोट्याच्या वरच्या अंगाला आली तर दोन हाडांना बांधणाऱ्या सिंडेस्मोसिसला इजा असू शकते. या इजेला नेहमीच्या लचकेपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो आणि हाडं फाकली असतील तर व्यायामानं ती जवळ येत नाहीत. त्यासाठी पायावर वजन देऊन उभं राहून काढलेला एक्स-रे लागतो. झोपवून काढलेल्यात ती फट मिटलेली दिसू शकते. अंगठ्याला कुठेच नेमकं सापडत नाही, दुखणं सांध्याच्या आत खोल आहे, चाललं की तासाभरानं सूज येते आणि मधूनच काहीतरी अडकल्यासारखं होतं, असं असेल तर टेलसच्या कूर्चेचा टवका. साध्या एक्स-रेवर तो अनेकदा दिसत नाही. पावलाच्या वरच्या पृष्ठभागावर मुंग्या येत असतील आणि नडगीच्या खालच्या भागात टिचकी मारल्यावर करंट बोटांपर्यंत जात असेल तर दुखावली आहे ती मज्जातंतूची शाखा, आणि तिला कितीही शेक दिला तरी उपयोग नाही.

दोन गोष्टी मात्र घरी ताडत बसायच्या नाहीत. मधुमेह आहे, तळव्यांची संवेदना कमी झालेली आहे, आणि पाऊल लाल, सुजलेलं, दुसऱ्या पावलापेक्षा हाताला गरम लागतंय पण दुखत फारसं नाही: हे मुरगळणं समजू नये. हा शारको, म्हणजे संवेदना गेलेल्या पावलातली हाडं आतून ढासळण्याचा विकार, असू शकतो. सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ येतो आणि माणूस त्याच पायावर चालत राहून आतली हाडं मोडून घेतो. त्या पायावरचं वजन त्याच दिवशी काढायला लागतं. दुसरी गोष्ट म्हणजे प्रमाणाबाहेरचं दुखणं. चादरीचा स्पर्श सहन होत नाही, कातडीचा रंग आणि घाम दोन पावलांत वेगळे दिसतात, पाऊल कधी गार तर कधी गरम. या विकाराला सीआरपीएस म्हणतात आणि लवकर ओळखला तर तो आटोक्यात यायची शक्यता जास्त. प्लास्टरनंतर एकाच पायाची पोटरी टरटरून सुजली तर तेही थांबण्याजोगं नाही, शिरेत रक्ताची गुठळी असू शकते.

सुरुवातीलाच एक्स-रे कुणाचा काढावा, यासाठी 1992 साली कॅनडातल्या ऑटावामध्ये साधे नियम बसवले गेले आणि ते आजही जगभर वापरात आहेत. दोन्ही बाजूंच्या गाठींची मागची कड, टोकापासून वर सहा सेंटीमीटरपर्यंत, किंवा तिचं टोक. पाचव्या मेटाटार्सलचं मूळ. आतल्या अंगाचं नॅव्हिक्युलर हाड. यांपैकी कुठेही हाडावर दाबून दुखलं, किंवा इजा होताच आणि नंतर दवाखान्यातही चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे. एरवी नको. लिगामेंट किती सैल झालंय हे पहिल्या दिवशी सुजेमुळे आणि दुखण्यामुळे हाताला कळत नाही, चार-पाच दिवसांनी पुन्हा तपासलं तर बरंच नीट कळतं. आपल्याकडे पहिल्या दिवशीची चिठ्ठी हीच अंतिम मानली जाते, पाचव्या दिवशी कुणी परत जात नाही. तिसऱ्या महिन्यातल्या बऱ्याच रखडलेल्या घोट्यांचं मूळ त्या न झालेल्या दुसऱ्या फेरीत सापडतं.

आता घरगुती आणि पारंपरिक उपायांबद्दल. आंबेहळदीचा कोमट लेप कातडी फुटलेली नसेल तर निरुपद्रवी आहे. गरम वाटतं, बरं वाटतं, आणि लेप लावलेला माणूस तासभर पाय वर करून बसतो, ज्याचा फायदा लेपाच्या खात्यावर जमा होतो. पुरळ आलं की थांबवावा. हाडवैद्याचं चोळणं आणि झटका देऊन "बसवणं" ही गोष्ट वेगळी. घोट्यात न मोडता निखळलेलं असं बहुधा काहीच नसतं, त्यामुळे बसवायलाही काही नसतं. आत तडा असेल तर झटक्यानं तो सरकतो. बांबूच्या खपच्या सुजेवर करकचून बांधल्यावर बोटं काळी पडल्याची उदाहरणं हाडांच्या डॉक्टरांना काही नवीन नाहीत. पट्टी कसलीही असो, पायाच्या नखावर दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत लाली परतली पाहिजे. क्रेप बँडेज दहा सेंटीमीटर रुंदीचं घ्यावं, बोटांच्या मुळापासून वरच्या दिशेनं, प्रत्येक वेढा आधीच्याचा अर्धा भाग झाकेल असं आणि टाच उघडी न ठेवता गुंडाळावं, झोपताना काढावं. टाच उघडी ठेवली की सगळी सूज तिथे येऊन बसते.

बर्फाचं प्रस्थ 1978 पासूनचं. अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंचावणं या चौकडीला राइस असं सुटसुटीत नाव दिलं. पुढे बर्फ आणि पूर्ण विश्रांती भरून येण्याला उशीर लावू शकतात, असं त्यांनीच लिहिलं. दुखणं कमी करायला पहिले दोन दिवस दहा-पंधरा मिनिटं, मध्ये फडकं ठेवून बर्फ लावला तर बिघडत नाही. तिसऱ्या महिन्यात रोज रात्री बर्फ आणि सकाळी गरम शेक ही मात्र निव्वळ करमणूक. अल्ट्रासाउंडच्या शेकालाही मुरगळलेल्या घोट्यात अभ्यासांनी फारसा हात दिलेला नाही. सूज उतरवणाऱ्या म्हणून लिहून दिल्या जाणाऱ्या एन्झाइमच्या गोळ्यांचा आधारही बेताचाच. फिजिओच्या टेबलावर पंधरा मिनिटं मशीन लावून घरी पाठवत असतील आणि पायावर उभं करून काही करून घेत नसतील, तर दवाखाना बदलावा.

प्लास्टरला उगाच बदनाम करायचं कारण नाही. 2009 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधली एक मोठी चाचणी आली, 584 रुग्णांची. जबर मुरगळलेल्या, वजन न देता येणाऱ्या घोट्यांना गुडघ्याखालचं प्लास्टर फक्त दहा दिवस घातलं, तर तीन महिन्यांनंतरची स्थिती नुसत्या नळीसारख्या इलॅस्टिक पट्टीवाल्यांपेक्षा चांगली होती. नऊ महिन्यांनी फरक उरला नाही. इथे दहा दिवस हा आकडा महत्त्वाचा. तेच प्लास्टर सहा आठवडे ठेवलं की पोटरी वाळते, सांधा आखडतो आणि पुढचे दोन महिने प्लास्टरची इजा बरी करण्यात जातात.

तर मग तिसऱ्या महिन्यात करायचं काय? सुरुवात भिंतीपासून. अनवाणी, पाऊल भिंतीकडे सरळ, टाच जमिनीला घट्ट, आणि गुडघा भिंतीला टेकवायचा. टेकला की पाऊल एक सेंटीमीटर मागे. टाच न उचलता गुडघा टेकेल अशी शेवटची जागा सापडली की अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर शिवणाच्या टेपनं मोजायचं. धडधाकट पायाचं दहा सेंटीमीटरच्या आसपास येतं. दोन पायांत दीड-दोन सेंटीमीटरचा फरक असेल तर घोटा आखडलेला आहे, कारण दर सेंटीमीटर म्हणजे साडेतीन अंशांहून थोडी जास्त हालचाल. मोजताना लबाडी कुठे होते ते पाहा: पाऊल हळूच बाहेर वळतं, तळव्याची कमान आत कोसळते, गुडघा अंगठ्याच्या आतून जातो. गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेतच राहिला पाहिजे. हीच चाचणी हाच व्यायाम: बारा-बारा वेळा, तीनदा, रोज. पुढे घोट्याच्या घडीत चिमटल्यासारखं दुखत असेल तर जोर लावू नये. तिथे मऊ ऊतक किंवा हाडाची कंगोरी अडकत असते आणि ताणून ती जात नाही. पोटरीत ओढ जाणवत असेल तर चालू द्या.

दुसरं काम पेरोनियल स्नायूंचं, म्हणजे गाठीमागच्या त्या दोऱ्यांचं. घोटा आत वळू लागला की त्याला परत खेचणारे हेच. रबरी पट्टी पावलाच्या पुढच्या भागाला अडकवायची, दुसरं टोक टेबलाच्या पायाला, आणि पाऊल बाहेर न्यायचं. पंधरा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. जाताना एक आकडा, परतताना तीन आकडे, कारण खरा घोटा वाचतो तो परतीच्या लगामावर. बरेच जण हा व्यायाम करताना अख्खा पाय खुब्यातून बाहेर फिरवतात आणि पेरोनियल आराम करत बसतो. गुडघ्यावर हात ठेवून तो हलत नाही ना हे बघावं.

तिसरं काम टाच उचलण्याचं. आधी दोन्ही पायांवर पंधराच्या तीन फेऱ्या, मग दोन्हीवर वर आणि एकावर खाली, मग एकाच पायावर. तरुण माणसाला एका पायावर सलग वीस-पंचवीस जमायला हवेत, वयाप्रमाणे आकडा उतरतो, तेव्हा आपल्याच चांगल्या पायाशी बरोबरी धरावी. वर गेल्यावर वजन करंगळीकडे झुकत असेल तर घोटा पुन्हा त्याच दिशेनं वळतोय. दोन टाचांमध्ये टेनिसचा चेंडू धरून टाचा उचलल्या की ही खोड सुटते. गुडघा थोडा वाकवून हाच व्यायाम केला की खालचा सोलियस स्नायू कामाला लागतो. चालण्यातला बराच भार तोच उचलतो आणि नेमका तोच विसरला जातो.

सगळ्यांत दुर्लक्षित काम तोलाचं. लिगामेंटमध्ये सांधा कुठल्या कोनात आहे हे मेंदूला कळवणारे सूक्ष्म मज्जातंतू असतात. लिगामेंट फाटतं तेव्हा तेही दुखावतात. लिगामेंट भरून आलं तरी खबर उशिरा पोचते, पेरोनियल उशिरा ओढतात आणि सपाट फरशीवर माणसाचा घोटा दगा देतो. अनवाणी, शहाबादी फरशीवर, एका पायावर तीस सेकंद उभं राहून बघा. चांगल्या पायावर पावलाच्या वरच्या शिरा आणि कंडरा हलकेच थरथरतात, दुखऱ्या पायावर त्या नाचतात, बोटं जमिनीला नखं रोवून धरतात आणि कंबर डोलू लागते. रोज पाच वेळा तीस सेकंद. जमलं की मान डावी-उजवी फिरवत, मग भिंतीपाशी डोळे मिटून, मग घडी घातलेल्या सतरंजीवर. दात घासताना करावं, म्हणजे वेगळा वेळ काढायला लागत नाही. एका पायाच्या टाचा चांगल्या पायाएवढ्या जमल्या आणि भिंतीचा फरक एक-दीड सेंटीमीटरच्या आत आला की मगच उड्या: आधी दोन पायांवर जागच्या जागी, मग एका पायावर पुढे-मागे, बाजूला.

दुखू द्यायचं किती? दहापैकी तीन-चारपर्यंत चालतं, पण निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. सकाळी घोटा कालच्यापेक्षा जाड आणि ताठ असेल तर कालचा डोस जास्त होता, तो एक पायरी कमी करायचा. बंद करायचा नाही. संध्याकाळची सूज यात धरू नये, ती कित्येक महिने येत-जात राहते. आलेख सरळ चढत नाही. दोन चांगले आठवडे आणि मग एका लग्नाच्या पंगतीत तीन तास उभं राहिल्यावर चार वाईट दिवस, हे ठरलेलं. त्या चार दिवसांत माणूस नवा उपाय शोधू लागतो आणि जुना, लागू पडत असलेला, सोडून देतो.

आपल्या घरांत घोट्याला छळणाऱ्या काही खास गोष्टी आहेत आणि परदेशी पुस्तिकांत त्या सापडत नाहीत. मांडी घालून बसलं की बाहेरची गाठ जमिनीवर दाबली जाते आणि पाऊल खाली व आत वळून राहतं, म्हणजे एटीएफएल नेमकं ताणलं जातं. वज्रासनात पाऊल पूर्ण खाली जातं आणि ताण पुन्हा तिथेच. पहिले दोनेक महिने दोन्ही टाळावीत, पुढे वज्रासन करायचंच असेल तर घोट्याच्या पुढच्या घडीखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी. उकिडवं बसायला घोटा भरपूर वर वाकावा लागतो. नाही वाकला तर टाच उचलली जाते आणि ओल्या भारतीय संडासात माणूस चवड्यांवर तरंगतो. तिथे प्लास्टिकची कमोड खुर्ची ठेवणं यात कमीपणा काही नाही. मोटारसायकलचा गिअर डाव्या पायात असतो. बऱ्याच गाड्यांत वरचा गिअर टाकताना पाऊल वर उचलायला लागतं आणि सिग्नलला भार टेकतो तोही बहुधा डाव्याच पायावर, खड्ड्यात की दुभाजकाच्या कडेवर हे न बघता. डावा घोटा असेल तर काही आठवडे स्कूटर बरी, आणि मेन स्टँडवर गाडी चढवण्याचं काम दुसऱ्यावर सोपवावं. कोल्हापुरी आणि सपाता टाचेला धरत नाहीत. मागे पट्टा असलेली, टाचेचा कप टणक असलेली पादत्राणं हवीत, घरात आणि मोरीतसुद्धा.

गडावर कधी जावं, हा प्रश्न सह्याद्रीत फिरणारे पहिल्या आठवड्यापासून विचारू लागतात. चढणीची भीती कमी आहे. घात उतरताना होतो, कारण उतारावर चवडा खाली असतो, सांधा सैल असतो आणि सहा तास चालून पेरोनियल थकलेले असतात. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या दगडधोंड्यांच्या घळीला किंवा कुठल्याही घसाऱ्याला परीक्षेची जागा करू नये. आधी टेकडी, मग पायऱ्यांचा गड, मग घसारा. पहिलं वर्षभर असमान जमिनीवर आणि खेळताना लेस बांधायचा, आठच्या आकड्यात पट्टे फिरणारा ब्रेस घालावा. मेडिकलमध्ये मिळणारी कातडीच्या रंगाची इलॅस्टिकची नळी उबदार असते, घोटा वळताना त्याला अडवत नाही. ब्रेसनं स्नायू कमकुवत होतात हा समज मात्र चाचण्यांत टिकलेला नाही.

हे सगळं तीन महिने प्रामाणिकपणे करूनही गाडी अडली, किंवा आधी सांगितलेल्या, बोटानं दाबून बघण्याच्या तपासणीत काही संशयास्पद निघालं, की एमआरआयची वेळ. रिपोर्ट वाचून घाबरू नये. "एटीएफएल टेअर", "मॅरो एडीमा", "माइल्ड इफ्यूजन" (सांध्यात थोडं पाणी) हे शब्द मुरगळलेल्या जवळजवळ कुठल्याही घोट्यात येतात. एमआरआय फाट दाखवतो, सैलपणा दाखवत नाही. सैलपणा डॉक्टरांच्या हाताला कळतो, टाच धरून पाऊल पुढे ओढल्यावर. हाडातला मुका मार, तो मॅरो एडीमा, ओसरायला कित्येक महिने लागू शकतात आणि त्याला वेळेखेरीज औषध नाही.

सुयांबद्दल मत स्पष्ट आहे. स्टेरॉइड सांध्यात किंवा सायनस टार्सायमध्ये, निदान पक्कं असताना, एखादं देणं समजू शकतं. कंडरेच्या आत किंवा अगदी लगत ते नको, कंडरा फाटू शकते. पीआरपी, म्हणजे आपल्याच रक्तातल्या प्लेटलेटचं इंजेक्शन, महागडं आहे आणि त्याचा गाजावाजा पुराव्याच्या बराच पुढे गेलेला आहे. 2021 मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी घोट्याच्या संधिवातात शंभर रुग्णांवर ते खाऱ्या पाण्याच्या सुईशी ताडून पाहिलं. सहा महिन्यांनी फरक शून्य. रखडलेल्या लिगामेंटसाठी त्याच्या बाजूनं भक्कम काही नाही. ज्याला घ्यायचं त्यानं घ्यावं, पण व्यायामाच्या जागी नव्हे.

ऑपरेशनचा विचार करताना एक भेद फार उपयोगी पडतो: घोटा दुखतो, की दगा देतो? वारंवार दगा देत असेल, तपासताना सैल लागत असेल आणि तीन ते सहा महिन्यांचे खरे व्यायाम झालेले असतील, तर लिगामेंटची दुरुस्ती चांगलं काम करते. स्वीडनच्या लेनार्ट ब्रोस्ट्रम यांनी 1966 मध्ये वर्णन केलेली, सैल पडलेलं मूळ लिगामेंटच घट्ट करून शिवण्याची पद्धत आणि 1980 मधली गूल्ड यांची भर, हीच अजूनही पहिली पसंती. दहापैकी आठ-नऊ जणांना ती मानवते. दगा न देता नुसता दुखणारा घोटा याच ऑपरेशननं बरा होईल असं नाही. आत कूर्चेचा टवका असेल तर त्याचं वेगळं काम लागतं. टवका साधारण पंधरा मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर दुर्बिणीतून खालच्या हाडाला बारीक छिद्रं पाडून तिथे नवं आवरण येऊ दिलं जातं.

सर्जनला विचारायचे प्रश्न असे. टाच मागून बघितली का? टाच आत झुकलेली, कमान उंच असेल तर लिगामेंट शिवूनही घोटा पुन्हा वळतो, आधी हाडाचा कल सरळ करावा लागतो. सांधे मुळातच लवचीक आहेत का? करंगळी मागे काटकोनात जात असेल आणि अंगठा मनगटाला टेकत असेल तर स्वतःचंच लिगामेंट शिवून पुन्हा सैल पडू शकतं, मग आधाराला आत बसवायची कृत्रिम टेप किंवा दुसरी कंडरा लागते. पेरोनियल कंडरा उघडून बघणार का? पावलाच्या वरच्या बाजूला बधिरपणा येण्याची शक्यता किती? तंबाखू किंवा सिगारेट असेल तर जखम भरायला उशीर होतो, ते महिनाभर आधी आणि नंतरही सोडायची तयारी हवी. ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते आधी भरून घ्यावं.

आणि घरची तयारी. पहिले दोन आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही, पुढे साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत बूट घालून चालणं, खेळ तीन-चार महिन्यांनी. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर कुबड्यांवर जिना आधीच शिकून घ्यावा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. आंघोळीला प्लास्टिकची खुर्ची, पायावर चढवायला जाड पिशवी, पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवरच्या सतरंज्या उचललेल्या. घोटा उजवा असेल तर गाडीचं गणित वेगळं मांडा. घोट्याच्या फ्रॅक्चरच्या ऑपरेशननंतर ब्रेक दाबायला लागणारा वेळ पूर्ववत व्हायला नऊ आठवडे लागतात, असं मोजून पाहिलेलं आहे. तोवर ऑफिसला रिक्षानं जावं, आणि लोकलमध्ये चढायचंच असेल तर गर्दीची वेळ टाळून.